छोट्या कंपनीला नवी कंत्राटं मिळण्याचा वेग कसा तपासावा?

कोरीपाटी:
कंपनी छोटी आहे, कारखान्यांत यंत्रणा बसवून देते. वर्षाकाठी साधारण 6 कंत्राटं. गेल्या तिमाहीत एकही जाहीर झालं नाही आणि शेअरचा भाव आपटला. व्यवस्थापनाचं पालुपद एकच, 'पाइपलाइन (मिळण्याच्या वाटेवर असलेली कामं) भक्कम आहे'. वेग खरोखर मंदावलाय की नाही, हे कागदांवरून कसं ताडायचं?

उलटतपासणी:
वर्षाला 6 म्हणजे तिमाहीला सरासरी दीड. कंत्राटं एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर वेग तसूभरही न घटता एखादी तिमाही कोरडी जाण्याची शक्यता 22 टक्के निघते. वर्षात निदान एक तरी कोरडी जाण्याची तब्बल 64 टक्के! त्यामुळे एका तिमाहीवरून निष्कर्ष काढू नका. ठरावीक दोन लागोपाठ कोरड्या जाण्याची शक्यता मात्र 5 टक्केच, तसं झालं तर कान टवकारा.

घोषणांची बेरीज करत बसण्यापेक्षा ऑर्डर बुकावरून (हाती असलेल्या, अजून पूर्ण न झालेल्या कामांच्या रकमेवरून) उलटं काढा. अखेरची शिल्लक वजा सुरुवातीची शिल्लक, अधिक वर्षाचा महसूल, म्हणजे निव्वळ नव्या ऑर्डर. समजा ऑर्डर बुक 120 कोटींचं 140 झालं आणि महसूल 80, तर नव्या ऑर्डर 100 कोटींच्या आणि बुक-टू-बिल (नव्या ऑर्डर भागिले महसूल) 1.25. यात एक खोच आहे. सुटे भाग, दुरुस्ती यांचा महसूल बहुधा ऑर्डर बुकात शिरतच नाही. त्या 80 मध्ये असा 15 कोटींचा महसूल असेल, तर नव्या ऑर्डर 85 च आणि गुणोत्तर 85 भागिले 65. नेहमी मागच्या 12 महिन्यांचं काढा, आणि एकदा सर्वांत मोठं कंत्राट वगळूनही काढून बघा. छोट्या कंपनीत बऱ्याचदा सगळी 'वाढ' त्या एकातच असते.

कोरीपाटी:
धन्यवाद. हे करून पाहिलं. निव्वळ ऑर्डर साधारण 100 येतात, पण घोषणांची बेरीज 130 होते. हे 30 गेले कुठे?

बारीकअक्षर:
घोषणांचा मजकूर शब्दन् शब्द वाचा. इरादापत्र (काम देण्याचा नुसता इरादा) आणि सही झालेलं कंत्राट एकाच थाटात जाहीर होतात. फ्रेमवर्क करारात 'जास्तीत जास्त इतकं' असा आकडा असतो, पण ग्राहकावर तितकं काम देण्याचं बंधन नसतं. करासहित आकडा, ऐच्छिक मुदतवाढ धरून फुगवलेली रक्कम हेही नेहमीचंच. उरतं ते रद्द झालेलं काम. मिळाल्याची बातमी वाजतगाजत येते, रद्द झाल्याची सहसा तळटीपेत.

ताळा करायला आर्थिक पत्रकांतली आयएफआरएस 15 (महसूल नोंदवण्याचं आंतरराष्ट्रीय लेखामानक) खालची टीप बघा. अजून पार न पाडलेल्या बांधिलक्यांची रक्कम तिथे द्यावी लागते. मात्र मूळ मुदत एक वर्ष किंवा कमी असलेली कंत्राटं कंपनीला त्यातून वगळता येतात, म्हणून तो आकडा ऑर्डर बुकापेक्षा लहान दिसला तर लगेच घोटाळा समजू नका.

रोकडा:
वरचं सगळं बरोबर, पण रकमेचा वेग एकट्याने फसवतो. गेल्या वर्षी 20 कोटींचं एक वर्षाचं काम घेतलं, यंदा 60 कोटींचं, देखभाल धरून 5 वर्षांचं. बातमीत तिप्पट, वर्षाच्या हिशेबात 12. मुदत न सांगता नुसती रक्कम जाहीर करणाऱ्या कंपनीबद्दल माझं मत वाईट आहे.

दुसरं, ग्राहकांकडून आलेल्या आगाऊ रकमा ताळेबंदात बघा. ऑर्डर वाढल्या आणि आगाऊ रकमा घटल्या, तर दोन शक्यता: जुनी कामं भराभर संपतायत (मग महसूल वाढलेला दिसेल), किंवा अटी ढिल्या करून कामं पदरात पाडून घेतली जातायत. दुसऱ्या प्रकारात न आकारलेला महसूल (नोंदवला, पण बिल अजून दिलेलं नाही असा) आणि येणी महसुलापेक्षा वेगाने फुगतात, आणि दोन-चार तिमाहींनी नफ्याचं प्रमाण घसरतं. असा वेग नसलेला बरा.

उलटतपासणी:
+1. पाइपलाइनबद्दल विचारायचंच असेल तर 'कशी आहे' असं मोघम विचारू नका. किती निविदा भरल्या, किती रकमेच्या, निकाल किती लागले, त्यांत किती जिंकल्या, आणि ऑर्डर बुकात वर्षभर हललेलं नाही असं काम किती. भरलेल्या निविदा तेवढ्याच आणि निकालच लांबलेत, तर ग्राहक रेंगाळतोय. निकाल लागले आणि हरले, तर तुमची शंका खरी.