नोटीस बोर्डावरचा पावसाचा तक्ता (पुण्यातल्या सोसायटीचा ग्रुप)

ए-२०१ ताई: सेक्रेटरी साहेब, बोर्डावरचा पाऊस-तापमानाचा तक्ता आजच्या आज उतरवा. "पाऊस सरासरीपेक्षा जास्त, बोअरची चिंता नको" असं छापलंय. गेल्या वर्षीही हेच सांगून झालं होतं.

सेक्रेटरी: ताई, नमस्कार. आकडे हवामान खात्याचे आहेत, माझ्या मनातले नाहीत. चूक काय ते सांगा, नुसतं उतरवा म्हणून कसं चालेल?

ए-२०१ ताई: पाऊस धरलाय जानेवारी ते डिसेंबर. त्याच्यासमोर सरासरी लावलीय ७४७.४ मिमी. हा मध्य महाराष्ट्राचा फक्त जून ते सप्टेंबरचा आकडा आहे. वळीव आणि परतीचा पाऊस एका बाजूला मोजला, दुसऱ्या बाजूला नाही. टक्का फुगणारच. देशाचंच बघा, चार महिन्यांची सरासरी ८६८.६ मिमी आणि अख्ख्या वर्षाची ११६०.१. केवढा फरक पडतो!

बी-४०३ काका: आणि ही सरासरी कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची? तक्त्याच्या तळाला लिहा.

सेक्रेटरी: "दीर्घकालीन सरासरी" असं लिहिलंय की काका.

बी-४०३ काका: त्यातून काहीच कळत नाही. १९५१-२००० धरली तर देशाची मोसमी सरासरी ८९ सेंमी. १९६१-२०१० ची ८८. २०२२ पासून १९७१-२०२० ची वापरतात, ती ८७. पाऊस तेवढाच पडला तरी टक्का बदलतो. तळाला साल लिहा.

सी-१०२: सर्वांना नम्र विनंती. सी विंगच्या जिन्यासमोर पांढरी गाडी लागली आहे. स्कूटर बाहेर निघत नाही. कृपया त्वरित हलवावी.

बी-५०४: काकांचा मुद्दा तापमानात तर जास्तच लागू पडतो. देशाच्या तापमानाची ओळ बघा: २०२३ ला सरासरीपेक्षा +०.६५ अंश आणि २०२४ ला पण +०.६५. वाचणाऱ्याला वाटणार दोन्ही वर्षं सारखीच तापली. पण २०२३ चा आकडा १९८१-२०१० च्या सरासरीशी ताडलेला आहे, २०२४ चा १९९१-२०२० शी. नवी सरासरी मुळातच जास्त उष्ण आहे, त्यामुळे तिच्यापेक्षा ०.६५ वर जाणं म्हणजे प्रत्यक्षात जास्त तापणं. २०१६ चं उदाहरण घ्या. तेच वर्ष जुन्या सरासरीवर +०.७१ येतं आणि नव्या सरासरीवर +०.५४. २०२४ हे १९०१ पासूनचं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष आहे, आणि आपल्या बोर्डावर ते २०२३ च्या बरोबरीला बसलंय.

ए-२०१ ताई: अगदी हेच. मुलं बोर्ड वाचतात हो.

सेक्रेटरी: मान्य, ही चूक झाली. पण मग सरासरी बदलतात तरी कशाला? एकच ठेवायची.

बी-५०४: जागतिक हवामान संघटनेचा ३० वर्षांचा नियम आहे, दर दहा वर्षांनी पुढे सरकवतात. शेती, धरणं, वीज यांचं नियोजन आजच्या हवामानाला धरून करावं लागतं, म्हणून. दूरचा बदल मोजायला १९६१-१९९० ची सरासरी वेगळी राखून ठेवलेली आहे. दोन्हींची कामं वेगळी आहेत, एका तक्त्यात मिसळायच्या नाहीत इतकंच.

बी-४०३ काका: म्हणूनच म्हणतो, तळाला साल लिहा.

डी-३०२ दादा: गच्चीवरच्या आपल्या पर्जन्यमापकाची नोंद तक्त्यात का नाही? पूर्ण पावसाळा रोज वर चढून मी वाचन घेतलंय.

ए-२०१ ताई: दादा, मेहनतीबद्दल आदर आहे. पण रविवारच्या रकान्यात प्रत्येक वेळी शून्य कसं?

डी-३०२ दादा: रविवारी गच्चीला कुलूप असतं. किल्ली कोणाकडे असते ते सगळ्यांना माहीत आहे.

बी-४०३ काका: वाचन घेतलं नाही तर शून्य लिहायचं नाही, आडवी रेघ मारायची. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, रेघ म्हणजे माहीत नाही. सोमवारी बाटलीत जे निघतं ते दोन दिवसांचं, तसा शेरा द्यायचा. एकूण बेरीज बिघडत नाही, पण पावसाचे दिवस (२.५ मिमी किंवा जास्त) कमी मोजले जातात. आणि दोन दिवसांचे ४०-४० मिमी एका दिवसावर पडले की ८० होतात, म्हणजे कागदावर "जोरदार पाऊस". त्याची हद्द ६४.५ पासून सुरू होते.

डी-३०२ दादा: ठीक आहे. रेघ मारतो.

बी-४०३ काका: वेळही पाळा. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. तारीख वाचनाच्या दिवसाची.

सी-३०१ वहिनी: मापकाची जागा पण चुकलीय. टाकी आणि कठडा यांच्या बेचक्यात ठेवलाय. वारा कठड्यावर आपटून वर उसळतो, थेंब मापकाच्या तोंडावरून पलीकडे जातात. वर टाकीचा आडोसा. नोंद कमीच येणार. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं, तोंड जमिनीपासून ३० सेंमीवर आणि पाणसळीत. बागेत मधोमध ठेवा.

बी-२०४: बागेत ठेवला तर पोरांचा चेंडू रोज आत जाईल. एक चेंडू म्हणजे किती मिमी धरायचा? 😄

डी-१०१: लेदरचा असेल तर अतिवृष्टी 😂

ए-२०१ ताई: कृपया विषय भरकटवू नका.

सी-१०२: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

सी-३०१ वहिनी: जाळीचं छोटं कुंपण लागेल, बुटकं आणि लांबून. दादा, एक विचारायचं होतं. मोजपात्र मूळचं आहे की बदललं?

डी-३०२ दादा: जुनं फुटलं. मे महिन्यात नवीन आणलं.

सी-३०१ वहिनी: त्याच्यावर २०० लिहिलंय का? आपल्या मापकाचं तोंड १०० चौ. सेंमीचं आहे. २०० चौ. सेंमी तोंडाच्या मापकासाठीचं पात्र वापरलं तर प्रत्येक वाचन निम्मं येतं. १० मिमी पडले की ५ दिसतात.

डी-३०२ दादा: बघून आलो. २०० च आहे.

सी-३०१ वहिनी: मग नवीन पात्र आल्यापासूनची सगळी वाचनं दुप्पट करा आणि तसा शेरा ठेवा. पुढे साधं मिलिलिटरचं पात्र वापरलं तरी चालेल: १०० चौ. सेंमीच्या तोंडाला १० मिलि म्हणजे १ मिमी.

सेक्रेटरी: म्हणजे आमच्या मापकाला नावं ठेवून शेवटी तेच वापरायचं?

ए-२०१ ताई: नावं कोणी ठेवली? सहा वर्षांच्या नोंदीवरून "सरासरी" काढू नका, एवढंच म्हणतेय. आपला मापक आपल्या आवारासाठी. तुलना करायची तर सिमला ऑफिसच्या, म्हणजे शिवाजीनगरच्या हवामान केंद्राच्या नोंदीची त्याच केंद्राच्या सरासरीशी करा. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला त्याच दिवशी ७३. एकाच शहरात.

बी-५०४: आणि वॉचमनच्या केबिनवरचा डिजिटल तापमापक तक्त्यातून काढा. पश्चिमेची भिंत, वर पत्रा. तो भिंतीचं तापमान सांगतो. हवेचं हवं तर पांढरी झडपांची पेटी, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, दार उत्तरेला.

डी-१०१: मध्य महाराष्ट्राची सरासरी तरी आपल्याला लागू होते का? त्यात महाबळेश्वरही आलं आणि सोलापूरही.

सी-३०१ वहिनी: नाही होत. विभागाचा आकडा विभागापुरता. शिवाय जिल्हा आणि विभागाला १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, सगळंच "सर्वसाधारण". मराठवाड्याच्या ६४२.८ मिमीला हे लावा: ५२१ पडला तरी सर्वसाधारण, ७६४ पडला तरी सर्वसाधारण. शेतकऱ्याला या दोन वर्षांत जमीन-अस्मानाचा फरक. आपल्या नळाचं पाणी तर टेमघर, वरसगाव, पानशेतच्या घाटातल्या पावसावर. खडकवासला धरणसाखळी २९.१५ टीएमसीची (अब्ज घनफूट), ती शहरातल्या सरींनी भरत नाही.

सेक्रेटरी: बरं. मी चार महिन्यांच्या टक्क्यांची सरासरी काढून नवीन तक्ता करतो.

ए-२०१ ताई: नको! टक्क्यांची सरासरी काढायची नाही. २०२३ चं देशाचं बघा: जून ९१, जुलै ११३, ऑगस्ट ६४, सप्टेंबर ११३. सरळ सरासरी ९५ च्या वर. प्रत्यक्षात हंगाम ९४ टक्के. जुलै-ऑगस्टचा वाटा मोठा असतो, म्हणून आधी मिलिमीटर बेरजेत घ्यायचे आणि मग शेवटी एकदाच भागायचं. आणि महिन्यांचे आकडे झाकू नका. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा होता, हंगामाच्या एका टक्क्यात ते दिसतच नाही. बोअरला असा कोरडा महिना नडतो.

बी-४०३ काका: हिवाळ्याचे टक्के तर टाकूच नका. डिसेंबरची सरासरी जेमतेम काही मिलिमीटर, एक सर आली की +३०० टक्के. तिथे नुसते मिमी लिहा. आणि तळाला साल.

सेक्रेटरी: काका, लिहिलं. वाचा: "पाऊस: शिवाजीनगर केंद्र, जून-सप्टेंबर, तुलना १९७१-२०२० शी. तापमान: देशाचं वार्षिक सरासरी, दोन्ही वर्षांची तुलना १९९१-२०२० शी." बोअरची ओळ काढली. आता तरी चालेल ना सगळ्यांना?

बी-५०४: २०२३ चा जुना +०.६५ तसाच राहू देऊ नका. नव्या सरासरीवरचा आकडा मिळेपर्यंत तो रकाना रिकामा ठेवा.

सेक्रेटरी: ठेवतो.

बी-४०३ काका: 🙏

डी-३०२ दादा: उद्या साडेआठच्या वाचनानंतर मापक बागेत हलवतो. पाणसळ कोणाकडे आहे? आणि रविवारी गच्चीची किल्ली लागणार नाही, हे किल्लीवाल्यांनी नोंदवून घ्यावं.

सी-१०२: गाडी???