मदत हवी आहे : कुरणातील गवत कापण्यासाठी जुना ट्रॅक्टर

रानवाटा
नमस्कार. भोर तालुक्यात आमची साडेसात एकर जमीन आहे आणि तिच्यावर दरवर्षी पावसाळ्याअखेर कमरेएवढे गवत माजते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर दिवाळीआधी येत नाहीत, आणि गेल्या वर्षी ब्रश कटरने दीड एकर कापता कापता माझी पाठ धरली. म्हणून एक जुना ट्रॅक्टर आणि त्यामागे स्लॅशर (फिरत्या पात्यांनी गवत कापणारे अवजार) घ्यायचे ठरवले आहे. शेजारच्या गावात १९९८ सालचा ३५ एचपीचा ट्रॅक्टर पाहिला. मालक १ लाख ४० हजार रुपये सांगतात. रंग उत्तम आहे आणि पहिल्याच सेल्फला चालू झाला. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे असे ते म्हणत असल्यामुळे रविवारी व्यवहार उरकायचा आहे. घ्यावा की नाही, एवढेच सांगावे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की इथे दुसरेच युद्ध सुरू होईल.

स्पॅनर
एवढ्या माहितीवर कोणीही "घ्या" म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जमीन सपाट आहे की उताराची? गवतात दगड आहेत का? क्लच एकेरी आहे की दुहेरी? तुम्ही पोहोचलात तेव्हा इंजिन गार होते, की मालकांनी आधीच चालवून गरम करून ठेवले होते? पाव शतक उलटलेल्या यंत्राचा रंग उत्तम असेल तर तो कधी मारला आणि त्याखाली काय झाकले, हेही विचारायला हवे.

आठ_नांगरी
कशाला एवढा विचार करता? स्वराज ७३५ पाहा. आमच्याकडे वडिलांपासून तोच आहे, आणि त्याचा सुटा भाग मिळाला नाही असे एकदाही झालेले नाही. शिवाय तो आपल्या देशात, आपल्या अभियंत्यांनी आखलेला ट्रॅक्टर आहे. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत त्याचा आराखडा झाला आणि १९७४ साली पंजाब ट्रॅक्टर्सने तो बाजारात आणला.

लोखंडकाम
१९७४ साली बाजारात आला तो ७२४, ७३५ नव्हे. अभिमान बाळगायचा तर आकडा तरी बरोबर असावा. महिंद्रा २६५ चा कारागीर प्रत्येक बाजारगावात सापडतो, म्हणून माझे मत तिकडे आहे. आणि २००७ पासून पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्राकडेच असल्यामुळे हे भांडण आता एकाच घरातले झाले आहे.

रानवाटा
मी नाव लिहिले नाही तरी युद्ध सुरू झालेच. स्पॅनर, आपल्या प्रश्नांची उत्तरे देतो. सुमारे पाच एकर जवळपास सपाट आहे आणि उरलेली जमीन ओढ्याकडे उतरते. दगड आहेत, भोर तालुक्यात ते नसणारी जमीन असली तर मला दाखवावी. क्लचचे मला माहीत नाही. इंजिनाला हात लावून पाहिला नाही. आता सांगा.

स्पॅनर
क्लचचे माहीत नाही हेच सर्वांत महाग पडू शकते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल दाबले की चाकांबरोबर पीटीओही, म्हणजे मागचे अवजार फिरवणारा शाफ्टही, थांबतो. दाट गवताचा पट्टा आला आणि ट्रॅक्टर क्षणभर थांबवून पात्यांना वेळ द्यावा असे वाटले, तर नेमकी पातीच थांबतात आणि गवत गुंडाळून बसते. दुहेरी क्लचमध्ये पेडल अर्धे दाबल्यावर फक्त चाके थांबतात, पाती फिरत राहतात, आणि अडलेले गवत कापले गेल्यावर पुन्हा पुढे जाता येते. एकच मॉडेल दोन्ही प्रकारांत विकले गेलेले असते, त्यामुळे बॉनेटवरचे नाव वाचून काही कळत नाही. पीटीओ चालू करून पेडल अर्धे दाबावे आणि दुसऱ्या माणसाने लांब उभे राहून शाफ्ट फिरतो का ते पाहावे.

ताकदीचा हिशेबही करून ठेवा. स्लॅशरला रुंदीच्या प्रत्येक फुटामागे पीटीओवर साधारण ५ एचपी लागते, म्हणजे पाच फुटी स्लॅशरला २५. ३५ एचपीचे इंजिन नवे असताना पीटीओवर ३० च्या आसपास देते, आणि झिजलेले इंजिन किती देईल हे त्याच्या पिस्टनच्या रिंगाच जाणोत. बुदनीच्या केंद्रीय चाचणी संस्थेचे अहवाल मिळाले तर त्या मॉडेलची पीटीओवरची मोजलेली ताकद त्यांत दिलेली असते. पाच फुटांच्या वर मात्र जाऊ नका.

दूरदेशी
मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि आमच्या अकरा एकर कुरणावर १९५० च्या सुमाराचा ट्रॅक्टर वापरतो. एकेरी क्लचचा आणखी एक धोका इथे कोणी लिहिलेला नाही. स्लॅशरची जड पाती क्लच दाबल्यावरही आपल्या वेगाने फिरत राहतात, आणि पीटीओ गिअरबॉक्सला जोडलेला असल्यामुळे तीच पाती शाफ्टमार्गे चाकांना पुढे ढकलतात. पहिल्या वर्षी मी ब्रेक दाबून बसलो असताना ट्रॅक्टर कुंपणातून आरपार गेला. त्यानंतर पीटीओवर एकाच दिशेने पकड घेणारे फ्रीव्हील बसवले आणि तो त्रास संपला. ट्रॅक्टर एकेरी क्लचचाच निघाला, तर हा भाग बसवल्याशिवाय स्लॅशर लावू नका.

लोखंडकाम
भोरच्या बाजारात तो भाग मागून पाहा म्हणावे. दुकानदार सायकलचे फ्रीव्हील काढून देईल.

हिशेबनीस
कोणी विचारलेले नाही, तरीही आकडे मांडतो. पाच फुटी स्लॅशर ताशी चार किलोमीटर वेगाने सरळ चालला तर तासाला दीड एकराच्या जवळ काम होते. वळणे, एकावर एक येणारे पट्टे आणि दगड धरले तर एक एकर समजावे. म्हणजे साडेसात एकरांना आठ तास. वर्षातून दोनदा कापले तरी सोळा तास झाले. सोळा तासांसाठी १ लाख ४० हजारांचा ट्रॅक्टर, त्यावर स्लॅशर, दर दोन-तीन वर्षांनी बॅटरी आणि उन्हात तडकणारे टायर, एवढे सगळे कशासाठी? जवळपास कृषी अवजार बँक असेल तर तेथे विचारावे, नाहीतर गावातील ट्रॅक्टरवाल्याला तासाचे भाडे द्यावे.

रानवाटा
भाड्याचा ट्रॅक्टर मला हवा असतो तेव्हा तो भाताच्या मळणीवर असतो. हे सगळे मी दोन वर्षे करून पाहिले आहे. कृपया घ्यावा की न घ्यावा यावरच बोलावे.

बांबूप्रेमी
एवढ्या जमिनीवर गवत ठेवताच कशाला? बांबू लावा, म्हणजे कापण्याचा प्रश्नच उरणार नाही.

गोठ्यातून
रानवाटा दादा, इतके प्रतिसाद वाचले, पण कापलेल्या गवताचे तुम्ही काय करता हे तुम्ही लिहिलेले नाही आणि कोणी विचारलेलेही नाही. नुसते रान मोकळे करायचे आहे, की ते गवत कोणाच्या दावणीला जाते?

रानवाटा
ते उघडच आहे, म्हणून लिहिले नाही. गवत मामेभाऊ नेतो. त्याच्या चौदा म्हशी आहेत, तो वाळवून गंजी रचतो आणि त्याचे पैसेही देतो. त्याच पैशांतून ट्रॅक्टरचा खर्च निघेल असा माझा अंदाज आहे.

गोठ्यातून
मग स्लॅशर घेऊ नका, एवढे मी खात्रीने सांगते. स्लॅशर गवत कापत नाही, झोडपतो. त्याची पाती गवताचे तुकडे करून ते मातीत आणि जुन्या काडीत मिसळून टाकतात. ते गोळा करता येत नाही, त्याची पेंढी बांधता येत नाही, आणि जे गोळा होते त्यात एवढी माती असते की जनावर तोंड फिरवते. आम्ही एक हंगाम हा उद्योग केला आणि मार्गशीर्षात कडबा विकत आणला. तुम्हाला कटर बार हवा, म्हणजे कात्रीसारख्या दात्यांची पट्टी, जी गवत बुडाशी कापून आहे तसे लांब आडवे पाडते. त्याला स्लॅशरच्या निम्मी ताकदही लागत नाही, त्यामुळे २५ एचपीचा ट्रॅक्टरही पुरतो.

वेळेचेही पाहा. तुमच्या माळावर कुसळी असेलच. तिची कुसळे पक्की होण्याआधी, फुलोऱ्यात असतानाच कापली पाहिजे. नंतर ती जनावरांच्या हिरड्यांत रुततात आणि गवताचा कसही उतरतो. पवन्या आणि मारवेल या गवतांनाही तीच वेळ चांगली. दिवाळीनंतर कापलेले गवत म्हणजे गंजी मोठी आणि दूध कमी.

स्पॅनर
ताईंचे म्हणणे चाऱ्यापुरते बरोबर आहे, पण यांनी दगड आहेत असे लिहिले आहे. कटर बार दगडावर किंवा वारुळावर आपटला की दाते तुटतात, आणि मग हंगामाच्या मध्यावर रिव्हेट ठोकत बसावे लागते. स्लॅशरची पाती सैल टांगलेली असतात, दगड लागला तर मागे सरतात.

गोठ्यातून
आणि तोच दगड पन्नास फुटांवर उडवतात, हेही सांगा. वैशाखात माळ मोकळा असतो. तेव्हा चालत फिरून दगड वेचून बांधावर टाकावेत आणि वारुळांजवळ काठ्या रोवाव्यात. आम्हाला दोन माणसांनिशी एकराला एक दिवस लागला, आणि तो त्रास एकदाच झाला.

स्पॅनर
ते मान्य. ओढ्याकडच्या उतारावर मात्र दोन्हींपैकी काहीही नेऊ नका. उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट एवढ्या जुन्या ट्रॅक्टरला नसते, आणि उतारावर आडवे चालवताना वरच्या बाजूचे चाक एखाद्या दगडावर चढले तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. तेवढी जमीन विळ्यासाठी राहू द्या.

रविवारी जाणारच असाल तर न कळवता सकाळी लवकर जा आणि आधी इंजिनाला हात लावा. चालू झाल्यावर इंजिनात तेल भरण्याचे झाकण काढा. तिथून धुराचे झोत येत असतील तर रिंगा आणि लायनर संपलेले आहेत. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. गेजच्या काडीवरचे तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे, मग तसेच परत फिरा. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करा आणि मालकांकडे चहा मागा. चहा संपेपर्यंत नांगर जमिनीला टेकला तर हायड्रॉलिकचे काम निघणार. पीटीओच्या दात्यांवरून बोट फिरवा, ते धारदार लागले तर झिजलेले आहेत.

कोर्टकचेरी
यंत्राइतकेच कागदही पाहावेत. चासीवरचा क्रमांक घासून पुसून आरसीशी ताडावा. शेतीचा ट्रॅक्टर मोटार वाहन नियमांत बिगरवाहतूक वाहन मानला जातो आणि त्याची नोंदणी पंधरा वर्षांची असते; १९९८ च्या ट्रॅक्टरची ती २०१३ साली संपली, आणि पुढे दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले आहे का ते विचारावे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या आपल्यासमोर घ्याव्यात, आणि विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे. स्टॅम्पपेपरवरच्या करारनाम्याने नाव बदलत नाही, हे लोकांना अपघात झाल्यावर कळते.

आठ_नांगरी
स्वराजची आरसी कायम स्वच्छ असते.

रानवाटा
रविवारी सकाळी साडेसहाला गेलो. इंजिन गार होते, आणि गार असताना तो सेल्फवर चालू झालाच नाही. मालकांनी दोन पोरे बोलावून उतारावर ढकलला तेव्हा सुरू झाला. झाकणातून धूर होता. क्लच एकेरी निघाला. नांगर मात्र चहा संपून पान खाऊन होईपर्यंत तसाच वर राहिला. आरसीवर एका पतसंस्थेचा बोजा आहे. कर्ज केव्हाच फिटले असे मालक म्हणतात, पण कागद सापडत नाही. मी ९० हजार सांगितले आणि बोजा उतरल्यावर फोन करा म्हणून निघालो. दुसरे गिऱ्हाईक कुठे दिसले नाही.

मामेभावाला स्लॅशरचे सांगितले तेव्हा तो म्हणाला की तुकडे झालेले गवत तो नेणारच नाही, हे त्याला उघडच वाटत होते म्हणून बोलला नाही. त्यामुळे आता प्रश्न असा आहे की पाच ते सहा फुटी कटर बार, वापरलेला असला तरी चालेल, पुणे किंवा सातारा जिल्ह्यात कोणाकडे पाहायला मिळेल? लवकर सांगावे, पोळा झाला की माझ्या हातात महिनाच उरतो.

गोठ्यातून
आमचा फलटणला आहे. विकायचा नाही, पण पाहायला या. येताना मामेभावालाही आणा.