यामाहा, मॅरान्ट्झ की एनएडी : ऍम्प्लिफायरचा ‘स्वभाव’ खरोखर ऐकू येतो का?

गंगापूररोडकर

नमस्कार. माझा जुना ऍम्प्लिफायर १९ वर्षे विनातक्रार चालला. आता व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते आणि डावी बाजू अधूनमधून मौन धारण करते, म्हणून नवा घ्यावयाचा आहे. हॉल १२ बाय १६ फुटांचा असून खाली गुळगुळीत टाइल्स आणि एका बाजूस गॅलरीची काच आहे. स्पीकर बुकशेल्फ प्रकारचे, ८ ओहमचे व ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे एक वॅट दिल्यास एक मीटरवर तेवढा आवाज देणारे) आहेत आणि ते मला बदलावयाचे नाहीत. दिवसा ख्याल व नाट्यसंगीत, रात्री दहानंतर हळू आवाजात जुनी चित्रपटगीते, असे माझे ऐकणे असते.

अडचण अशी की, ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी प्रत्येक ब्रँडची जणू पत्रिकाच मांडून दाखवली : मॅरान्ट्झ गोड व वॉर्म, यामाहा स्वच्छ पण कोरडा, एनएडी भरदार, डेनॉनचा बास जाड, केंब्रिज ऑडिओ मोकळा. गेल्या महिन्यात एका दुकानात मॅरान्ट्झ आणि यामाहा लागोपाठ ऐकले तेव्हा मला पहिला अधिक आवडला, परंतु तो ‘गोड’ आहे हे आधीच ऐकून गेल्यामुळे तसे वाटले की काय, अशी शंका घरी आल्यापासून सतावते आहे. हा फरक खरा असतो का, आणि असल्यास ख्यालासाठी कोणता घ्यावा?

सातपूर_वर्कशॉप

आपली शंका योग्य आहे. दुकानात दोन ऍम्प ऐकताना दोघांचा आवाज समान पातळीवर होता का, हा पहिला प्रश्न. व्हॉल्यूमचे बटण दोन्हीकडे घड्याळातल्या नऊच्या खुणेवर असले म्हणून पातळी सारखी होत नाही, कारण प्रत्येकाचा गेन, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते प्रमाण, निराळा असतो. एखादा ऍम्प अर्धा-एक डेसिबल जास्त वाजला, तर कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही; ‘अधिक भरीव’, ‘अधिक गोड’ वाटतो. बहुतेक पत्रिका इथेच तयार होतात.

तुलना करायचीच असेल तर एक साधा मल्टिमीटर पुरतो. एखादा स्थिर सूर, शक्यतो १०० हर्ट्झचा, लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजावे. एकाचे २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्याचे २.०२ च्या आत आणावे, म्हणजे फरक साधारण ०.१ डेसिबलपेक्षा कमी राहतो. त्यानंतर कोणता ऍम्प जोडला आहे हे ऐकणाऱ्यास न सांगता, नाणे उडवून, निदान सोळा वेळा ओळखावयास लावावे. (तारा बदलताना ऍम्प बंद ठेवावा, दोन टर्मिनल एकमेकांस चिकटून शॉर्ट झाले तर तुलनेऐवजी दुरुस्तीचा खर्च हाती येईल.)

वॅटच्या आकड्यांनीही गडबडून जाऊ नये. ६० वॅट आणि ८० वॅट यांत फक्त सव्वा डेसिबलचा फरक असतो. आपल्या स्पीकरला ५० वॅट दिले तरी एक मीटरवर सुमारे १०३ डेसिबल आवाज येईल, आणि तेवढ्या आवाजात नाट्यगीत लावल्यास सोसायटीची सभा त्याच रात्री भरेल.

पंचवटीचा_श्रोता

वरील मांडणी मला पटते, पण ती मला अपुरी वाटते. ब्रँडचा स्वभाव ही निव्वळ दुकानदारांची कल्पना नाही, कारण यंत्रे बनविणाऱ्या माणसांना स्वभाव असतो. मॅरान्ट्झमध्ये केन इशिवाता यांनी १९७८ पासून अनेक दशके काम केले आणि त्यांच्या कानाने पसंत केलेल्या यंत्रांवर त्यांची आद्याक्षरेही छापली गेली. त्याच १९७८ साली आलेला एनएडी ३०२० कागदावर अवघा २० वॅटचा होता, परंतु अवघड स्पीकरपुढे तो क्षणभर त्याहून बराच जास्त जोर देऊ शके, आणि मर्यादा ओलांडताना आवाज एकदम फाटू नये म्हणून त्यात सॉफ्ट क्लिपिंगची सोय होती. ‘एनएडी भरदार’ हा लौकिक तिथून आला आणि त्यास कारण होते. तो आज विकल्या जाणाऱ्या प्रत्येक एनएडीस आपोआप लागू करणे मात्र चुकीचे आहे.

यामाहाबद्दल एक अवांतर : ही कंपनी १८८७ साली रीड ऑर्गनपासून (पेटीच्या जातीच्या वाद्यापासून) सुरू झाली. नाट्यसंगीताची साथ ज्या जातीच्या वाद्याने केली, त्याच जातीचे वाद्य बनविणाऱ्यांना आपण ‘कोरडे’ म्हणतो, याची मला नेहमी गंमत वाटते.

कॉलेजरोड_वॉल्व्ह

ऍम्पचा स्वभाव ऐकायचाच असेल तर वॉल्व्हकडे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ऍम्पकडे या; तिथे तो लपत नाही. नाशिकच्या जानेवारीत माझा ऍम्प शब्दशः वॉर्म असतो आणि मे महिन्यात मी तो फक्त पहाटे लावतो.

याची कारणे मात्र गूढ नाहीत. चांगल्या ट्रान्झिस्टर ऍम्पचा आउटपुट इम्पिडन्स (स्वतःचा अंतर्गत विद्युत अडथळा) ०.१ ओहम किंवा त्याहून कमी असतो, तर अनेक वॉल्व्ह ऍम्पचा एक-दोन ओहम किंवा अधिक. ‘८ ओहम’चा स्पीकर प्रत्यक्षात कुठे ५, कुठे ३० ओहम असतो. २ ओहमच्या ऍम्पला तो जोडला तर या दोन जागांमधील आवाजात सुमारे २.४ डेसिबलचा चढउतार पडतो, ०.१ ओहमच्या ऍम्पला तोच स्पीकर जोडला तर जेमतेम ०.१४ डेसिबलचा. स्पीकरच्या इम्पिडन्सचा एक उंचवटा बहुधा क्रॉसओव्हरच्या (जिथे खालचे सूर मोठ्या व वरचे सूर लहान स्पीकरकडे वाटले जातात त्या जागेच्या) आसपास असतो, आणि तिथे आवाज किंचित वर आला की तानपुऱ्याची जवारी व गायकाची व्यंजने पुढे येतात. वॉल्व्हच्या डिस्टॉर्शनमध्ये (मूळ सुरात ऍम्पने घातलेल्या भरीत) दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनसंख्येचा सूर, ठळक असतो, म्हणजे सा ला तार सा ची जोड मिळते; ती आपल्या कानांस दोष वाटत नाही, साथ वाटते.

ऍम्प बनविणारे बॉब कार्व्हर यांनी १९८५ साली ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांसमोर स्वतःच्या ट्रान्झिस्टर ऍम्पमध्ये फेरफार करून एका महागड्या वॉल्व्ह ऍम्पची नक्कल केली होती, आणि संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. म्हणजे स्वभाव खरा असतो, फक्त तो नावात किंवा किमतीत बसलेला नसतो.

सातपूर_वर्कशॉप

नेमके बोललात. मात्र प्रश्नकर्त्यांच्या यादीतील सर्व ऍम्प ट्रान्झिस्टरचे व कमी आउटपुट इम्पिडन्सचे आहेत. त्यांचे डिस्टॉर्शन ०.०१ टक्क्याच्या आसपास, म्हणजे मूळ सुराच्या ८० डेसिबल खाली असेल, तर ते पंख्याच्या आवाजातही बुडते. त्यांनी स्वभावापेक्षा सोयी पाहाव्यात. रात्री हळू ऐकताना कानास बास कमी जाणवतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून ठेवले आहे. यामाहाच्या अनेक मॉडेलांवर यासाठी लाउडनेसचे स्वतंत्र, सलग फिरणारे बटण असते. ते बास फुगवण्याऐवजी मधला पट्टा खाली आणते.

गंगापूररोडकर

सर्वांचे आभार. एका स्नेह्यांचा मॅरान्ट्झ आणि दुसऱ्यांचा यामाहा दोन दिवसांसाठी मागून आणला, मल्टिमीटरने पातळी जुळवली आणि मुलास तारा बदलावयास बसविले. एकाच आलापाच्या ध्वनिमुद्रणावर सोळांपैकी माझे नऊ अंदाज बरोबर आले. पत्नीचे आठ आले, आणि शेवटी तिने विचारले की, नक्की कोणता फरक ऐकावयाचा होता. दुकानात जाणवलेला ‘गोडवा’ मला घरी एकदाही सापडला नाही.

रात्री मात्र लाउडनेसचे बटण थोडे फिरवल्यावर हळू आवाजातही तबल्याचा डग्गा जागेवर आला, आणि हा फरक न सांगता दोघांनाही कळला. यामाहा घेत आहे. कॉलेजरोडकरांची हरकत नसेल तर जानेवारीतील एखाद्या संध्याकाळी माझे स्पीकर घेऊन त्यांच्याकडे येईन.

कॉलेजरोड_वॉल्व्ह

अवश्य यावे. स्वेटर आणू नये.