जुन्या कार्टूनपटांच्या डीव्हीडींवरील जादा साहित्य : कोणते संच मागवावेत?

शाईदौत :

नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. गेली दोन वर्षे ती वहीच्या कोपऱ्यांवर लहान लहान चित्रे काढते आणि पाने भराभर उलटून ती हलवून दाखवते. टॉम आणि जेरी तिला पाठ आहेत, पण आता तिला गोष्टीपेक्षा "हे हललं कसं?" या प्रश्नाचे वेड लागले आहे आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो दिवाळीला नाशिकला येणार आहे, तेव्हा त्याच्याकरवी दोन-तीन संच मागवावेत असा विचार आहे.

नुसती कार्टूने पाहायची तर ती हल्ली फोनवरही दिसतात. मला हवे आहे ते चकतीवर मूळ चित्रपटासोबत येणारे जादा साहित्य, म्हणजे कच्ची रेखाटने, गाळलेले प्रसंग, कलावंतांच्या मुलाखती, समालोचन (चित्रपट चालू असताना त्यावर ऐकू येणारे जाणकारांचे बोलणे). गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एक संच घेतला होता. त्याच्या वेष्टनावर 'स्पेशल फीचर्स' असे ठळक छापलेले होते, पण आत इतर चित्रपटांच्या जाहिराती आणि रिमोटने खेळायचा एक खेळ, एवढेच निघाले. मुलगी काही बोलली नाही, तिने चकती परत डबीत ठेवली. तसे पुन्हा होऊ नये, म्हणून विचारते आहे.

रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली पाहत मी मोठी झाले, त्यामुळे 'जंगल बुक'विषयीही कोणी सांगितले तर आनंद होईल.

चित्रचौकट :

आपल्या मुलीचा प्रश्न ज्या चकत्यांनी थेट सुटेल, त्यांच्यापासून सुरुवात करतो. डिस्नेच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची २००२ साली निघालेली दोन चकत्यांची प्लॅटिनम आवृत्ती मिळाली, तर ती आधी घ्यावी. हा चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच, १९९१ साली न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात अर्धवट अवस्थेत दाखवला गेला होता आणि ती अर्धवट प्रतही या संचात पाहायला मिळते. एखादे दृश्य पूर्ण रंगलेले असते, तर पुढच्याच क्षणी तीच पात्रे पेन्सिलीच्या रेघांत वावरू लागतात आणि काही ठिकाणी हालचालही नसते, केवळ स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंग आखण्यासाठी आधी काढलेली, स्थिर चित्रे एकामागून एक येतात आणि आवाज मात्र पूर्ण असतो. वहीच्या कोपऱ्यावर चित्रे हलवणाऱ्या मुलीला हे पाहून जे कळेल, ते दहा मुलाखती ऐकून कळणार नाही.

दुसरी शिफारस 'बाम्बी'च्या २००५ सालच्या प्लॅटिनम आवृत्तीची. मूळ चित्रपट १९४२चा. त्याच्या कथेवर वॉल्ट डिस्ने आणि त्यांचे सहकारी ज्या बैठका घेत, त्यांतले बोलणे लघुलेखक टिपून घेत असत. या आवृत्तीत त्या टिपणांवरून नटांनी बैठका पुन्हा उभ्या केल्या आहेत आणि चित्रपट पडद्यावर चालू असतानाच आपल्याला त्या ऐकू येतात. एखादा प्रसंग लांबतो आहे का, कोणाला किती वेळ द्यावा, याविषयीची चर्चा त्या त्या प्रसंगावरच ऐकायला मिळणे ही मला आजवर भेटलेल्या जादा साहित्यातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. यातील पार्श्वभूमीच्या चित्रांकडे मुलीचे लक्ष अवश्य वेधा. टायरस वाँग या चित्रकाराने झाडाचे पानन् पान रंगवण्याऐवजी धूसर रंगांत जंगलाचा केवळ भास निर्माण केला आणि सगळ्या चित्रपटाची शैली त्यावर बेतली गेली.

आता 'जंगल बुक'. त्याची चाळिसाव्या वर्षानिमित्त २००७ साली निघालेली दोन चकत्यांची आवृत्ती पाहावी. आपण दूरदर्शनवर पाहिलेली मालिका जपानी होती आणि हा डिस्नेचा १९६७चा चित्रपट आहे, त्यामुळे तुमची मालिका यात भेटणार नाही. मात्र यात रॉकी नावाच्या गेंड्याचा गाळलेला प्रसंग आहे आणि टेरी गिल्किसन यांनी चित्रपटाच्या पहिल्या आराखड्यासाठी रचलेली गाणीही आहेत. त्यांपैकी 'द बेअर नेसेसिटीज' एवढे एकच गाणे चित्रपटात राहिले. बाकीची ऐकली की पहिला आराखडा किती गंभीर होता ते लक्षात येते. समालोचनात मोगलीला लहानपणी आवाज देणारे ब्रूस राइदरमन आहेत, ही माझ्या दृष्टीने आणखी एक जमेची बाजू.

टॉम आणि जेरीबाबत मात्र अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. २०११च्या ब्लू-रे संचात १९४० ते १९४८ या काळातली ३७ कार्टूने आहेत. पुढचा भाग २०१३ साली यायचा होता, पण त्यातून दोन कार्टूने वगळल्याचे कळताच संग्राहकांनी आक्षेप घेतला आणि तो भाग निघालाच नाही. हा संच कार्टूनांसाठी घ्यावा, जादा साहित्यासाठी नव्हे.

जुनीचकती :

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेच्या जुन्या कार्टूनांच्या 'लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन'चा उल्लेख झाला नाही, याचे आश्चर्य वाटले. २००३ ते २००८ या काळात याचे सहा भाग निघाले आणि प्रत्येक भागात चार चकत्या आहेत. पहिल्या भागात ५६ कार्टूने आहेत. मायकेल बॅरियर, जेरी बेक, ग्रेग फोर्ड अशा अभ्यासकांचे समालोचन आहेच, शिवाय निवडक कार्टूनांना संवाद बाजूला ठेवून नुसते संगीत ऐकण्याची सोय आहे. ही सोय कृपया दुय्यम समजू नका. या कार्टूनांचे संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांचे संगीत पात्राच्या प्रत्येक पावलाशी बांधलेले असते. संवाद काढून टाकले की हालचाल आणि ताल यांचे नाते मुलांनाही सहज ऐकू येते. माझ्या मुलाने पहिल्यांदा हे ऐकले, तेव्हा तो बोटांनी टेबलावर पावले मोजू लागला.

पहिल्याच भागात 'द बॉइज फ्रॉम टर्माइट टेरेस' हा १९७५चा माहितीपटही आहे. वॉर्नरच्या आवारातल्या ज्या जुन्या इमारतीत कार्टून-दिग्दर्शक टेक्स एव्हरी यांचा चमू बसत असे, तिला त्या लोकांनी वाळवीवरून (टर्माइट म्हणजे वाळवी) 'टर्माइट टेरेस' हे नाव दिले होते. माहितीपटातली माणसे आपल्या कामाविषयी स्वतः बोलतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'स्पॉटलाइट कलेक्शन' नावाचे दोन चकत्यांचे संच स्वस्तात दिसतील. त्यांच्या पहिल्या भागात गोल्डन कलेक्शनच्या पहिल्या भागातलीच २८ कार्टूने आहेत आणि जादा साहित्य जवळजवळ नाही. भावाला नाव नीट लिहून द्या.

तांत्रिक_सल्ला :

खरेदीपूर्वी यंत्राचा विचार करावा. डीव्हीडी जगाच्या ज्या भागात विकायची, त्या भागाचा विभाग क्रमांक तिच्यात घातलेला असतो. अमेरिकेतल्या डीव्हीडीचा विभाग क्रमांक १ आणि भारताचा ५ आहे, म्हणून घरातला साधा प्लेअर ती चकती नाकारण्याची शक्यता मोठी आहे. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' आणि भारत 'सी' विभागात येतो. सर्व विभागांच्या चकत्या चालवणारा प्लेअर असल्यास प्रश्न मिटतो. संगणकाच्या ड्राइव्हवर पाहणार असाल, तर ड्राइव्हचा विभाग केवळ पाच वेळा बदलता येतो आणि शेवटच्या बदलानंतर तो कायमचा ठरतो, हे लक्षात ठेवावे.

यांतील बहुतेक संच आता नव्याने मिळत नाहीत, ते जुने घ्यावे लागतील. वॉर्नरने २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या आपल्या काही डीव्हीडी खराब होत असल्याचे २०२५ साली मान्य केले. गोल्डन कलेक्शनचे शेवटचे भाग याच काळातले आहेत. बाहेरून चकती स्वच्छ दिसली, तरी आतला थर बिघडलेला असू शकतो, म्हणून भावाने तिथेच प्रत्येक चकती शेवटपर्यंत चालवून पाहावी. दोन चकत्यांच्या आवृत्तीत दुसरी चकती खरोखर डबीत आहे ना, हेही विक्रेत्याकडून छायाचित्र मागवून तपासावे, कारण जादा साहित्य बहुधा तिच्यावरच असते.

मावशीचीगोष्ट :

मुलगी अकरा वर्षांची आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहिते. जुन्या कार्टूनांमध्ये कृष्णवर्णीय आणि इतर समाजांची हिणकस चित्रे येतात. गोल्डन कलेक्शनच्या तिसऱ्या भागात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी सुरुवातीला याविषयी स्पष्ट निवेदन केले आहे, तर 'वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स' या पत्र्याच्या डब्यांतल्या मालिकेत चित्रपट-समीक्षक लेनर्ड मॉल्टिन प्रस्तावना करतात. मी माझ्या भाचीसोबत ही निवेदने न वगळता पाहिली आणि त्यावर आमचे बरेच बोलणे झाले. मुलगी मराठी माध्यमात शिकत असेल, तर समालोचन एकटीने ऐकायला देऊ नये. सोबत बसून, थांबवून, समजावत पाहावे, कारण समालोचनाला बरेचदा सबटायटलही नसतात.

आणि पॉपायला विसरू नका. २००७ सालच्या पहिल्या संचात १९३३ ते १९३८ची ६० कार्टूने आहेत आणि त्यांच्या जोडीला पॉपायची ही कार्टूने काढणाऱ्या फ्लायशर बंधूंचे मूकपटही आहेत. त्यांत शाईच्या दौतीतून बाहेर येणारा विदूषक आहे. आपले टोपणनाव वाचून तोच आठवला.

शाईदौत :

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. भावाला रात्रीच फोन केला. 'ब्यूटी अँड द बीस्ट', 'बाम्बी' आणि गोल्डन कलेक्शनचा पहिला भाग, असे तीन संच ठरले आहेत. प्लेअर इथेच घेते. एकच विचारायचे राहिले. अर्धवट प्रत तिला आधी दाखवावी की पूर्ण चित्रपट?

चित्रचौकट :

आधी पूर्ण चित्रपट, तोही मध्ये न थांबवता. दुसऱ्या दिवशी अर्धवट प्रत लावा आणि नाचघराच्या दृश्यापाशी वही-पेन्सिल तिच्या हाती द्या. तिथे काय पूर्ण आहे आणि काय राहिले आहे, हे तिलाच शोधू द्या.