उभ्या रेषा सरळ केल्या की इमारत बुटकी का दिसते?

प्रश्न
फुल-फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा, २४ मिमी लेन्स, आडवी चौकट. पूर्ण मनोरा मावावा म्हणून कॅमेरा साधारण २० अंश वर रोखलेला. गिम्प या फोटो-संपादन सॉफ्टवेअरच्या पर्स्पेक्टिव्ह टूलने वरचे दोन कोपरे बाहेर ओढले की भिंती ओळंब्यात येतात, पण मनोरा बुटका दिसतो आणि वरचे मजले सॉफ्ट (अस्पष्ट) होतात. कोपरे आणखी कसे ओढावेत?

उत्तर १
कोपरे बरोबर ओढले आहेत, उंची द्यायची राहिली आहे. कॅमेरा वर रोखला की वरचे मजले रुंदीत आवळले जातात आणि उंचीत त्याहून जास्त. तुम्ही फक्त रुंदी परत दिली. तुमच्या आकड्यांनुसार खालची कड तशीच ठेवली, तर वरची कड सुमारे १.४५ पट रुंद करावी लागते आणि मग पूर्ण चित्राची उंची सुमारे १.३ पट. लेन्स किंवा कोन बदलला की हे आकडे बदलतात. भिंतीवर गोल घड्याळ किंवा गोल खिडकी असेल तर तिच्यावरून ताडून पाहा: भिंत समोरून टिपली असेल, तर ती पुन्हा अचूक गोल व्हायला हवी.

सॉफ्टपणाही यातूनच येतो. अगदी वरच्या कडेला एकेक पिक्सेल रुंदीत १.४५ आणि उंचीत जवळपास १.९ पट ताणला जातो. तिथे नसलेला तपशील सॉफ्टवेअर आणणार कुठून? म्हणून वरचे कोपरे बाहेर ओढण्यापेक्षा खालचे आत घ्या. चित्र लहान होईल, पण ताण बराच कमी होईल. आणि आधी क्रॉप करू (कडा कापू) नका, कारण हा हिशोब चौकटीचा मध्य म्हणजेच लेन्सचा मध्य असं धरून केलेला आहे.

उत्तर २
फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीमधला आकडा) लक्षात घेणारं साधन वापरलं तर उंचीचा हिशोब हाताने करावा लागत नाही. डार्कटेबल या फोटो-सॉफ्टवेअरच्या 'रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह'मध्ये लेन्स मॉडेल 'जेनेरिक' असेल तर ते २८ मिमी धरतं. 'स्पेसिफिक' निवडून २४ भरा. लाइटरूम या दुसऱ्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये आधी लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सचे दोष काढणारी सेटिंग) लावा, कारण बॅरल डिस्टॉर्शनने (सरळ रेषा बाहेर फुगवणाऱ्या लेन्सच्या दोषाने) वाकलेल्या कडेवर सरळ गाइड (मदतीची रेषा) नीट बसत नाही. मग ट्रान्सफॉर्ममध्ये 'गाइडेड' घेऊन एकमेकींपासून शक्य तितक्या दूर असलेल्या दोन उभ्या कडांवर लांब रेषा ओढा. आडव्या रेषा फक्त समोरून टिपलेल्या भिंतीला. कोपऱ्यावरून घेतलेल्या फोटोत आडव्या रेषा सरळ करायला गेलात तर इमारत विद्रूप होते.

उत्तर ३
फोटो पुन्हा घेता येणार असेल तर तोच उत्तम उपाय. कॅमेरा उभा धरा, लेव्हलमध्ये ठेवा, अजिबात वर रोखू नका. चौकटीच्या खालच्या भागात येणारी जमीन नंतर कापून टाका. उभ्या चौकटीत २४ मिमी लेन्स क्षितिजाच्या वर सुमारे ३७ अंश पाहते. इमारत ३० मीटर उंच आणि कॅमेरा दीड मीटरवर असेल तर ३८ मीटर मागे जावं लागेल. १६ मिमी लेन्सला २५ मीटरपेक्षा थोडंसंच जास्त अंतर पुरतं. १२ मिमी शिफ्ट देणारी २४ मिमी टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा न वळवता वर सरकवता येणारी) असेल तर २३ मीटर, आणि जमीनही फारशी कापावी लागत नाही.

प्रश्नकर्ता
उंची १.३ पट केली, घड्याळ गोल झालं. पण माथ्यावरचा घुमट आता अंड्यासारखा उभट दिसतोय.

उत्तर १
तो तसाच दिसणार. सपाट भिंतीवरचं वर्तुळ सुधारतं, पण घुमटासारखी गोल वस्तू कॅमेऱ्याच्या अगदी समोरच्या, त्याच्याच उंचीच्या बिंदूपासून जितकी दूर तितकी त्या दिशेला लांबते. शिफ्ट लेन्सनेही हेच होतं. यावर उपाय एकच, लांब जाऊन जास्त फोकल लेंग्थ वापरणं. ते शक्य नसेल तर उभ्या रेषांची दुरुस्ती पूर्ण न करता थोडा निमुळतेपणा राहू द्या. खालून वर पाहताना डोळ्यालाही इमारत निमुळतीच दिसते, त्यामुळे खटकत नाही. मोजमापासाठी नोंद करायची असेल तर मात्र दुरुस्ती पूर्णच हवी, घुमट उभट दिसला तरी.