मदत हवी आहे : मुलीला जिओलॉजी हवंय, घरच्यांना कॉम्प्युटर इंजिनिअरिंग

सुईदोरा

नमस्कार मंडळी,

कॅपचे (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेरीचे) पर्याय भरायची मुदत तोंडावर आलीये आणि घरात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

मुलगी यंदा बारावी झाली. 78 टक्के, सीईटीला 91 पर्सेंटाइल. आम्ही सिन्नरचे. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला जातात, मी घरी शिवणकाम करते, धाकटा नववीत आहे. एवढ्या पर्सेंटाइलवर नाशिकच्या एखाद्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळून जाईल असं क्लासचे सर म्हणतात. मुलगी मात्र बीएस्सी जिओलॉजीवर, म्हणजे भूगर्भशास्त्रावर, अडून बसलीये.

हे खूळ आजचं नाही. कुठे विहीर खोदायला घेतली की ही तिथे हजर. अंड्यांच्या ट्रेमध्ये दगड मांडलेत आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी : कुठे सापडला, तारीख काय. काळ्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या सुयांचा झुपका असतो त्याला स्कोलेसाइट म्हणतात, हे मला या वयात तिच्यामुळे कळलं. बाथरूमचं अ‍ॅसिड थेंबभर टाकून बघते. फसफसलं तर कॅल्साइट, नाहीतर दुसरं काहीतरी. (बाटली वरच्या फळीवर ठेवली होती, तिथवरही हात पोचला.) गारगोटी संग्रहालय आमच्याच गावात, तिथे कितीदा गेली असेल देव जाणे.

फीची अडचण नाही. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, आणि 2024-25 पासून आमच्यासारख्या घरच्या मुलींना कॅपमधून इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मोठे दीर त्यावरच बोट ठेवतात : "सरकार फुकट इंजिनिअर करतंय आणि ही दगड वेचायला निघाली!"

तर जाणकारांनी सांगावं. जिओलॉजी करून नोकरी कोण देतं? हातात पगार यायला किती वर्षं लागतात? मिस्टरांचं म्हणणं, आधी इंजिनिअरिंग कर, नोकरी लागू दे, मग दगडांकडे वळ. असं वळता येतं का? आणि मुलीच्या जातीला खाणीबिणीत घेतात का, हा सासूबाईंचा प्रश्न.

चहाबाज

कॉम्प्युटर घ्या. दगड रविवारी.

खडकवासी

ताई, आधी मिस्टरांचा प्रश्न घेतो, बाकीचं त्यावर अवलंबून आहे. कॉम्प्युटर करून जिओलॉजीत यायचं दार जवळपास बंदच समजा. एमएस्सी जिओलॉजीला प्रवेश घ्यायचा तर साधारणपणे पदवीला जिओलॉजी शिकलेली लागते. आणि सरकारी जिऑलॉजिस्टच्या पदासाठी यूपीएससीची जी कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते तिला एमएस्सी लागते. उलट बाजूने मात्र माणसं सहज जातात. आमच्या बॅचमधले बरेच जण जीआयएस (संगणकावरचे नकाशे) आणि रिमोट सेन्सिंगमध्ये (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) आहेत, एकदोघे तर आता निव्वळ डेटाचं काम करतात. म्हणून "आधी सुरक्षित, मग आवड" हे इतर विषयांत चालत असेल, इथे क्रम उलटा बसतो.

नोकऱ्या आहेत, पण मोजक्या. त्याच यूपीएससीतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (1851 पासूनची संस्था) आणि केंद्रीय भूजल मंडळ भरतात. पूर्व, मुख्य, मुलाखत असे तिन्ही टप्पे. सुरुवातीचं मूळ वेतन 56,100, वर भत्ते. गेट (पदवीनंतरची राष्ट्रीय परीक्षा) किंवा कंपनीची परीक्षा देऊन ओएनजीसी, कोल इंडिया. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. आमच्या नागपुरात इंडियन ब्युरो ऑफ माइन्स आणि मॉयलची (मँगनीज खाणींची सरकारी कंपनी) मुख्यालयं आहेत. एवढी नावं वाचून हुरळू नका. जागा दरवर्षी सारख्या निघत नाहीत, आणि हुशार मुलंही दोन-तीन वर्षं परीक्षेतच काढतात.

आता वर्षं. तीन बीएस्सीची, दोन एमएस्सीची, पुढे परीक्षा. पगार सहा-सात वर्षांनी धरून चाला. इंजिनिअरिंगला चार. तुमचा धाकटा बारावीत जाईल तेव्हा ही एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असेल, आणि त्याच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला हिचं शेवटचं. ती दोन वर्षं घरातून दोघांचा खर्च निघतो का, एवढं कागदावर मांडा. निघत असेल तर मी तरी मुलीच्या बाजूने.

सासूबाईंना सांगा, जमिनीखालच्या खाणीत बायकांना बंदी होती, पण 2019 साली केंद्राने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी दिवसपाळीत परवानगी दिली. तसंही बहुतेक जिऑलॉजिस्ट खाणीत उतरतच नाहीत. उघड्यावर नकाशा, हातोडी आणि ऊन.

चहाबाज

वरचं वाचलं, माझं रविवारचं विधान मागे. फक्त एक, मी आयटीत आहे म्हणून सांगतो. कॉम्प्युटर म्हटलं की पगार ठरलेला असं समजून हिशेब मांडू नका. जे कॉलेज मिळेल तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गेटवर गाठा आणि विचारा, वर्गातल्या किती जणांना ऑफर आहे. माहितीपत्रकातला आकडा सगळ्यात वरच्या मुलाचा असतो.

इगतपुरीकर

मी खासगीत, बोगद्यांच्या साइटवर. ब्लास्ट झाला, धूर गेला, सैल दगड पाडून झाले की जिऑलॉजिस्ट आत तोंडाशी, म्हणजे खोदकामाच्या टोकाशी, जातो. भेगा कोणत्या दिशेने, किती अंतरावर, पाणी झिरपतंय का, हातोडी मारल्यावर दगड खणखणतो की बद्द वाजतो, हे सगळं फॉर्मवर. त्यावरून ठरतं की दगड धरून ठेवणारे बोल्ट किती मारायचे आणि शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) किती जाड. सगळं पटापट, कारण मागे मशीन थांबलेलं असतं आणि इंजिनिअर घड्याळ बघत असतो. आमच्याकडे एक मॅडम आहेत, त्यांच्या सहीशिवाय पुढचा ब्लास्ट होत नाही.

सुरुवातीचा पगार मात्र कमी, बीएस्सीवर तर फारच. एमएस्सी झाल्याशिवाय कोणी विचारत नाही. आणि साइट संपली की बिऱ्हाड हलवायचं. मुलीला हे आवडतंय का ते विचारा. दगड आवडणं आणि कंटेनरमध्ये राहून दगडांचे फॉर्म भरणं यात बराच फरक आहे.

खडकवासी

इगतपुरीकरांना अनुमोदन. ताई, बीएस्सीच ठरलं तर पुण्यात फर्ग्युसन आणि वाडियाला जिओलॉजी आहे, मुंबईत झेवियर्सला. मायनरला (जोडविषयाला) गणित किंवा संगणक मिळाला तर सोडू नका, जीआयएसचं दार त्याने उघडं राहतं. दुसऱ्या वर्षापासून जॅमचा (आयआयटीच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) अभ्यास. आयआयटी मुंबईची अप्लाइड जिओलॉजीची एमएस्सी त्यातूनच मिळते, आणि तिथून निघालेल्यांना खासगीतही बरा भाव आहे.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले. बोगद्याचं ऐकताना मुलगी ताटावरून उठलीच नाही. कंटेनरचं विचारलं तर म्हणाली, "पंखा असतो का?" मिस्टरांनी खडकवासी यांचा हिशेब वहीत उतरवला. धाकटा कॉलेजात जाईल त्या वर्षी ओढाताण दिसतेय, पण गाडीचा हप्ता त्याआधी फिटतोय. दीर अजून फुरंगटलेले आहेत.

तूर्त असं ठरलंय : कॅपचे पर्याय भरून ठेवायचे, पुण्याचे बीएस्सीचे फॉर्मही भरायचे आणि शनिवारी दोघी जाऊन कॉलेजं बघून यायची. चहाबाज, नाशिकच्या त्या कॉलेजच्या गेटवरही जाऊन येणार आहोत.

आता एकच राहिलं. पुण्यात मुलींच्या वसतिगृहाचं काय? कॉलेजचं नाही मिळालं तर डेक्कन-शिवाजीनगर भागात मेससकट महिन्याला किती धरावेत? कोणाची मुलगी सध्या तिथे असेल तर खरा आकडा सांगा.