सागाचा तुकडा आणि ड्रॉपर पेन

घरी शाईचं पेन करायला उरलेल्या सागाच्या तुकड्याला भोक पाडून त्यात थेट शाई भरता येईल, असं कुणीतरी म्हटलंय. नाही चालणार. लाकूड शाई पितं, फुगतं आणि आधी आटे जातात. साग वापरायचाच तर आत पितळी नळी बसवा आणि शाईसाठी कन्व्हर्टर (पेनात बसणारी, शाई ओढून घेणारी छोटी टाकी) घ्या. ड्रॉपर पेन, म्हणजे पोकळ दांडीतच ड्रॉपरने थेट शाई भरायचं पेन, करायचं असेल तर एबोनाइट (कडक रबर) किंवा ॲक्रिलिकची कांडी हवी. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या भंगारात ॲक्रिलिकचे तुकडे शोधले तर सापडतात, पण त्यात एक्स्ट्रूडेड (साच्यातून दाबून काढलेला) प्रकार असू शकतो. त्याच्यात ताण अडकलेला असतो. आटे पाडून झाल्यावर शाईचे डाग काढायला स्पिरिट फिरवलं, की तासाभरात आट्यांच्या मुळाशी केसासारख्या चिरा दिसू लागतात. साबणाचं पाणीच वापरा.

१३ मिमी जाडीच्या कांडीला ९ मिमीचं भोक, मग आटे पाडायला १० बाय १ चा (१० मिमी व्यास, १ मिमी अंतराचे आटे) टॅप. ड्रिल दर ३-४ मिमीला बाहेर काढून भुगा झटका, नाहीतर ॲक्रिलिक वितळून ड्रिललाच चिकटतं. तळाला ५ मिमी भरीव सोडा. निबचा भाग दांडीला बसतो त्या सांध्यावर ओ-रिंग (गोल रबरी कडी) आणि सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. एवढं करूनही मे महिन्यात खिशातलं पेन टोपणात शाई टाकणारच, कारण शाई कमी झाली की आतली हवा तापून ती बाहेर ढकलते. टाकी पाव उरली की भरून टाकायची.